तीन-साडेतीन महिने भारतात, गाडी मात्र बर्फात

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहणारं कुटुंब डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला निघतंय आणि मार्चअखेर परत येणार. गाडी २०१६ची कोरोला, पेट्रोलची, ऑटोमॅटिक. गॅरेज सामानाने भरलेलं, त्यामुळे गाडी ड्राइव्हवेवर उघड्यावरच राहणार. शेजारी म्हणतात, आम्ही दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवू. दुकानातून निळी ताडपत्री आणून ठेवली आहे. आणि मनात धास्ती, की उणे वीसमध्ये इंजिन तडकणार तर नाही?

इंजिन तडकणार नाही. त्या ताडपत्रीचा आणि शेजाऱ्यांच्या दहा मिनिटांचा मात्र विचार करायला हवा.

मी सांगलीत गॅरेजात हात काळे केले आणि आता इथे ऑन्टारिओ प्रांतात ३१०-एस या मोटार मेकॅनिकच्या परवान्यावर हेच काम करतो. दर मार्च-एप्रिलमध्ये भारतातून परतलेल्यांच्या गाड्या टो होऊन येतात, आणि त्यात थंडीने बिघडलेली गाडी क्वचितच असते. इथल्या लाखो गाड्या रात्रभर कडाक्याच्या थंडीत उभ्या असतात आणि सकाळी कामाला निघतात. उभ्या गाडीचं नुकसान होतं ते उतरत गेलेल्या बॅटरीने, ओलीने, रस्त्यावरच्या मिठाने आणि उंदरांनी. थंडी या चौघांना कधी साथ देते, तर कधी चक्क आवर घालते. हे एकदा लक्षात आलं की कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, ते आपोआप कळतं.

आधी बॅटरी. गाडी बंद करून कुलूप लावलं तरी ती पूर्ण झोपत नाही. अलार्म, घड्याळ, रिमोटचा सिग्नल ऐकत बसलेला रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी, हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट सतत ओढत असतं. ३० धरा. म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या जरा खाली, आणि साडेतीन महिन्यांत पंचाहत्तरच्या वर. तुमच्या गाडीतली बॅटरी ५०-६० अँपिअर-अवरची. शिवाय कडक थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते ते वेगळंच. म्हणजे काहीही न करता गेलात तर ती फेब्रुवारीतच झोपणार, हे कागदावरच दिसतंय.

नुसती झोपली असती तरी ठीक, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने जंप देऊन उठवली असती. पण लेड-ॲसिड बॅटरी जशी उतरते तसं आतलं ॲसिड पाण्याकडे झुकत जातं. पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही. निम्मी उतरलेली उणे पंचवीसच्या आसपास गोठते, आणि पूर्ण उतरलेली उणे सात-आठलाच. गोठलेली बॅटरी ओळखायला मीटर लागत नाही. तिच्या सपाट भिंती पोट फुगल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात, कधी झाकणाच्या कडेला बारीक चीर असते आणि भोवती पांढरट पूड. अशा बॅटरीला जंप केबल किंवा चार्जर लावायचा नाही, ती फुटू शकते. तिची जागा भंगारात.

उपाय तीन आहेत. बाहेरच्या भिंतीवर पॉइंट असेल तर बॅटरी मेंटेनर लावून जाता येतं. हा साधा चार्जर नव्हे, भरल्यावर स्वतः थांबणारा आणि गरज पडली की पुन्हा चालू होणारा. चांगली सोय आहे, पण साडेतीन महिने वायर बर्फाखाली राहणार, एकदा पाणी शिरून सेफ्टी पॉइंट ट्रिप झाला की तुम्हाला नाशिकमध्ये कळणार कसं? मेंटेनरवर भरवसा तेव्हाच, जेव्हा कुणीतरी आठवड्यातून एकदा येऊन त्याचा दिवा बघणार असेल.

दुसरा उपाय म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. तिसरा, बॅटरी काढून तळघरात न्यायची. तुमच्यासारख्या साध्या पेट्रोल गाडीला दुसरा पुरतो. थंडीत बॅटरीची आपोआप होणारी झीज कमी असते, त्यामुळे भरलेली आणि सुटी केलेली बॅटरी जागेवरच राहिली तरी मार्चमध्ये सेल मारण्याइतकी ताकद तिच्यात असते. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर मात्र घरात न्या. काँक्रीटच्या फरशीवर बॅटरी उतरते असं लोक सांगतील, ते जुन्या रबरी डब्यांच्या काळातलं. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचं काही सोयरसुतक नाही.

‘पूर्ण चार्ज’ म्हणजे काय, यावर जरा थांबतो, कारण घोळ नेमका इथेच होतो. कॉस्टको दुकानापर्यंत जाऊन आलो, पंधरा मिनिटं गाडी चालली, बॅटरी भरली असेल, असं नसतं. हिवाळ्यात हीटर, मागच्या काचेची जाळी, दिवे, सीट गरम करणं असं सगळं चालू असतं, आणि थंड बॅटरी करंट हळू घेते. निघण्याच्या आदल्या रात्री चार्जर लावा, सकाळी काढा, काही तास तशीच राहू द्या आणि मग मीटरने मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर भरली. १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. भरलेली नसेल तर टर्मिनल काढून फारसा उपयोग नाही.

टर्मिनल काढायला १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर. तिच्याभोवती जुना कपडा गुंडाळून ती बाजूला सारून ठेवा, नाहीतर उडी मारून पुन्हा खांबाला टेकते. पण त्याआधी एक काम करा, निघण्याच्या आठवडाभर आधी. रिमोटच्या आत लपलेली लोखंडी किल्ली काढा आणि तिने ड्रायव्हरचा दरवाजा उघडून पाहा. बॅटरी सुटी झाल्यावर सेंट्रल लॉक मेलं, मग त्या किल्लीशिवाय गाडीत जाता येत नाही. आणि वर्षानुवर्षं न वापरलेलं ते कुलूप मीठ-पाण्याने आत जाम झालेलं असतं. कुलपात ग्रॅफाइट सोडा, किल्ली आत-बाहेर करून मोकळं करून घ्या. मार्चच्या रात्री विमानतळावरून येऊन फुंकर मारत कुलूप उघडण्याची मजा घ्यायची नसेल तर हे विसरू नका. ज्यांच्या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि डिकी फक्त बटणाने उघडते, त्यांनी आधी मॅन्युअल वाचावं. बॅटरी सुटी करून डिकी आपटली की बॅटरीपर्यंत पोचायचीच पंचाईत.

याचा एक फायदा असा, की बॅटरीच नसलेली गाडी रिमोटच्या नकली सिग्नलने पळवता येत नाही. टोरांटो परिसरात या पद्धतीच्या चोऱ्या किती होतात हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ज्यांची बॅटरी जोडलेलीच राहणार आहे त्यांनी रिमोट दाराजवळच्या खुंटीला टांगून जाऊ नये. काही गाड्या जवळ रिमोट जाणवला की पुन्हा पुन्हा जाग्या होतात आणि बॅटरी खातात.

आता शेजाऱ्यांची दहा मिनिटं. भावना चांगली आहे, पण याने गाडीचं भलं होत नाही, उलट होतं. थंड इंजिनला सेल मारताना बॅटरीतून जेवढा करंट जातो, तेवढा दहा मिनिटं जागेवर घुरघुरणाऱ्या इंजिनवरचा अल्टरनेटर हिवाळ्यात नीट परत देत नाही. दर आठवड्याला थोडी थोडी तूट, बस. त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानाने एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रस्त्यावर धावली तर सायलेन्सर तापतो आणि ती वाफ बाहेर पडते. जागेवर दहा मिनिटांत सायलेन्सरचा मागचा डबा कोमटही होत नाही. वाफ तिथेच पाणी होऊन साचते आणि आतून गंजवते. थोडी इंजिनातही उतरते, तेलात मिसळते. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आत पिवळट, फेटलेल्या लोण्यासारखा थर दिसला तर समजावं, ही गाडी थंडीत जागच्या जागी चालू-बंद झाली आहे.

चालू करायचीच असेल तर तिला हायवेवर अर्धा तास पळवायला हवी, म्हणजे तेल तापेल, सायलेन्सर कोरडा होईल. पण मग मिठाचं पाणी पुन्हा खालून लागणार, शेजाऱ्याचं नाव विम्यात आहे का हा प्रश्न, आणि बॅटरी सुटी करण्याला अर्थच उरत नाही. शेजाऱ्यांना दुसरं काम द्या. मोठा बर्फ पडला की मऊ फोमच्या झाडूने छत आणि काचा मोकळ्या करायच्या. फावड्याने नाही, रंग जातो. महिनाभर पांढरा ढीग होऊन बसलेली गाडी म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटीच. येता-जाता चाकातली हवाही बघतील.

मीठ. ही इथली खरी पिडा. रस्त्यावर टाकलेलं मीठ चॅसीच्या सांध्यांत, चाकांच्या वरच्या कमानींत, ब्रेकच्या पाइपांवर बसतं. कडक थंडीत ते जवळजवळ निपचित पडून असतं. त्याला जोर येतो शून्याच्या जरा वर, ओल असताना. दक्षिण ऑन्टारिओत जानेवारीत दोन-चार दिवस ऊब येते, बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो. त्या दिवसांत गंज सगळ्यात जास्त काम करतो. म्हणून शेवटची धुलाई महत्त्वाची. निघण्याच्या आठवड्यात तापमान शून्याच्या वर असेल असा एक दिवस निवडा, नाणी टाकून पाइपाने धुवायच्या ठिकाणी जा आणि वरचा रंग राहू दे, खालून धुवा. चारही कमानी, दारांखालची पट्टी, मागचा बंपर आतून. मग कोरड्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं चालवा. ओली गाडी आणून तशीच उभी केली तर दाराची रबरं गोठतात आणि ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. रबरांना सिलिकॉनचा हात फिरवा. दरवर्षीचा तेलाचा गंजरोधक फवारा मारून घेत असाल तर तो शरद ऋतूतच मारलेला बरा, धुतलेल्या कोरड्या गाडीवर.

मीठ आतही येतं, आपल्याच बुटांवरून. मॅट उचलून गालिच्यावर हात दाबून बघा. बहुतेकांचा ओला निघतो. मॅट घरात न्या, गालिचा हीटरने किंवा पंख्याने पूर्ण वाळवा, नाहीतर मार्चमध्ये दार उघडताच बुरशीचा वास. काचा पूर्ण बंद ठेवा. हवा खेळती राहावी म्हणून फट ठेवण्याचा सल्ला बंद गॅरेजासाठी आहे, उघड्यावर त्या फटीतून बर्फ येतो.

निळी ताडपत्री परत करा, किंवा बार्बेक्यूवर टाका. वाऱ्याने ती रात्रंदिवस फडफडते, खालची धूळ सँडपेपरसारखी रंगावर घासते, आणि ओल आत कोंडते. हवा जाऊ देणारं, गाडीच्या मापाचं, पोटाखालून पट्टे असलेलं कव्हर चालेल. पण मला विचाराल तर ड्राइव्हवेवरच्या रोजच्या गाडीला कव्हरच नको. वॅक्सचा एक हात आणि पुढच्या काचेवर झाकण, एवढं पुरे. वायपर उभे करून ठेवू नका, वाऱ्याने आपटले तर काच तडकते. रबराची पाती काढून गाडीत ठेवा आणि लोखंडी दांड्यांना जुने मोजे घालून काचेवर टेकवा.

गाडी लावायची जागा: डांबर किंवा काँक्रीटवर, हिरवळीवर नाही. झाडाखाली नाही. डिसेंबर २०१३च्या आइस स्टॉर्ममध्ये टोरांटोत बर्फाच्या वजनाने फांद्या कशा कोसळल्या हे तेव्हा इथे असलेल्यांना आठवत असेल. छताच्या कडेखालीही नको, तिथून बर्फाची लादी घसरते. तोंड रस्त्याकडे करून लावा, म्हणजे परतल्यावर जंप द्यावी लागली तर दुसऱ्या गाडीच्या केबल पोचतील. बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराला सांगून ठेवा, की ही गाडी हलणार नाही.

हँडब्रेक लावायचा नाही. यावर तडजोड नाही. ओलसर ब्रेक-शू ड्रमला चिकटतात, केबल आत गोठते, आणि मार्चमध्ये मागचं चाक फरफटत येतं. गिअर ‘पी’मध्ये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. नवीन गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ब्रेक गाडी बंद करताच आपोआप लागतो. तो कसा थांबवायचा हे मॅन्युअलमध्ये असतं, आणि ते बॅटरी सुटी करण्याच्या आधी करायचं असतं.

टायर विंटरचेच चढवून जा. मार्चअखेर इथे बर्फ पडतोच, आणि प्रवासाने थकलेला माणूस समर टायरवर पहिली फेरी मारतो. हवेचा हिशेब असा: तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी. २० अंशांच्या उबदार वर्कशॉपमध्ये ३३ भरली तर उणे २० मध्ये ती २६ होते. म्हणून दाराच्या पट्टीवर (ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर) लिहिलेल्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. बसून बसून टायरला जो चपटेपणा येतो तो पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांत जातो. जॅकवर गाडी चढवून ठेवायचे उद्योग करू नका.

पेट्रोल टाकी भरून ठेवा, पहिल्या ‘टक’ला थांबून. टाकीत रिकामी जागा कमी, तर आत ओल धरायलाही जागा कमी, आणि इथल्या साध्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. पेट्रोल जुनं होऊन खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझरची बाटली टाकायची असेल तर भरण्याआधी टाका आणि दहा मिनिटं गाडी चालवा. साडेतीन महिन्यांना ती नसली तरी चालतं. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर आधीच बदला, जुन्या तेलात आम्ल आणि पाणी असतं. कूलंट एकदा गॅरेजात तपासून घ्या. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं, पण उन्हाळ्यात कुणी ‘जरा पाणी टाकलं’ असेल तर नाही. आणि नुसतं कूलंट भरणं हा शहाणपणा नव्हे, ते बिनपाण्याचं उणे १३ च्या आसपासच गोठतं. काच धुण्याचं पाणी उणे ४० वालं भरा आणि नळीतून नवीन पाणी येईपर्यंत पंप चालवा, नाहीतर नळीत जुनंच राहतं.

उंदीर. यांच्याबद्दल लोकांना हसू येतं, बिल बघेपर्यंत. उभ्या गाडीत त्यांची आवडती जागा म्हणजे ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर. तो काढला की कुरतडलेल्या कागदाचा मऊ गोळा, बॉनेटखालच्या अस्तराचा कापूस, त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि कुबट वास. बिया बहुतेक वेळा शेजारच्या पक्ष्यांच्या खाऊच्या डब्यातल्या. तेवढ्यावर भागलं तर नशीब. वायरचं हार्नेस कुरतडलं की हजारावर डॉलर सहज जातात. गाडीतून खाण्याचा कण न् कण काढा. सीटच्या फटीतला चिवडा, मुलांचे बिस्किटांचे तुकडे, डिकीत विसरलेली शेंगदाण्याची पिशवी. व्हॅक्यूम मारा. सायलेन्सरच्या तोंडाला स्टील वूलचा बोळा लावा आणि ‘सायलेन्सरमधला बोळा काढा’ अशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. चाकांजवळ जमिनीवर सापळे ठेवून शेजाऱ्यांना बघायला सांगा. पेपरमिंटचं तेल, कपड्यांचे सुगंधी कागद वगैरेंवर माझा विश्वास नाही. वास चार दिवसांत उडतो, उंदीर राहतो.

विम्याबद्दल एजंटला फोन करा. ऑन्टारिओत गाडी रस्त्यावर येणार नसेल तर ओपीसीएफ १६ या पुरवणीने रस्त्यावरचं कव्हर थांबवता येतं, आणि चोरी, आग, झाड पडणं याचं चालू ठेवता येतं. तेवढं चालूच ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर आधी कर्ज देणाऱ्याला विचारा. परतल्यावर ओपीसीएफ १७ ने कव्हर पुन्हा सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी न्यायची नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी दोन ओळी: मोठी बॅटरी ५० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवा, शक्य असेल तर प्लग लावून मर्यादा घालून जा. कॅमेऱ्याने पहारा देणारी मोड बंद करा, आणि नाशिकमध्ये बसून दर दोन तासांनी ॲपवर गाडी बघू नका, प्रत्येक वेळी ती जागी होते. यांच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर दारही उघडत नाही. हायब्रिडचंही तेच.

परतल्यावर जेट लॅगमध्ये गाडीला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ आणि बोळा काढा. बर्फाने तोंड बंद असलेल्या सायलेन्सरने कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. बॉनेट उघडून घरटं नाही ना ते पाहा, मग बॅटरी जोडा. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. ठोकळे काढा, हवा मोजून दाराच्या पट्टीवरच्या आकड्यावर आणा. सेल मारल्यावर मिनिटभर थांबा आणि हळू निघा, जागेवर पंधरा मिनिटं तापवण्याची गरज नाही. आयडल, म्हणजे जागेवर चालतानाचा इंजिनाचा वेग, थोडं वरखाली होईल, काचेचं ऑटो बटण विसरलेलं असेल, ते एक-दोन फेऱ्यांत जागेवर येतं. ब्लोअर लावण्याआधी केबिन फिल्टर काढून बघा. पहिल्या काही ब्रेकना खरवडल्यासारखा आवाज येईल, तो डिस्कवरचा वरवरचा गंज. चाक अडकलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका, पुढे-मागे हलकं डुलवा. मागे ड्रम असतील तर ड्रमवर लाकडी हातोडीने दोन-चार टोले पुरतात. दोन दिवस चालवूनही खरखर राहिली, किंवा एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं, तर कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग, जाम झालाय, गॅरेजात आणा.